तवंग किती पसरला ते कळलं, जाडी किती?

समुद्रात कुठं तेल सांडलं की बातमीत एक आकडा हमखास येतो: अमुक इतक्या चौरस किलोमीटरवर तवंग पसरला. सोबत उपग्रहाचं चित्र, त्यात काळा डाग आणि डागाभोवती लाल रेघ. मला या आकड्याचा राग येतो. तो खोटा नसतो, पण त्यावरून सांडलेलं तेल किती हे काही म्हणजे काहीच कळत नाही.

मी उदगीरला पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं हैदराबादला होते. आमच्याकडून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळे इकडची बरीच पोरं नोकरीला तिकडंच जातात. तिथं माझं काम रडार उपग्रहांची चित्रं तपासायचं होतं आणि त्यातली बरीचशी समुद्राची. सुट्टीला घरी आले की मामा न चुकता विचारायचे, "समुंदर बघितलीस का तरी कदी, का नुसतं कॉम्प्युटरवरच?" तोवर खरंच कॉम्प्युटरवरच बघितला होता.

तर आकड्याचा हिशेब. एक चौरस किलोमीटर पाण्यावर एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, तेलाचा थर दिला तर त्याला बरोबर एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर तेल लागतं. वर्गात मी हे पैठणच्या नाथसागरावर करून दाखवते, अर्थातच फळ्यावर. जायकवाडीचा जलाशय पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. समजा त्या सगळ्या पाण्यावर तवंग आहे. तो डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ, म्हणजे ०.०४ मायक्रोमीटर असेल, तर एकूण तेल १४,००० लिटर. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत येणाऱ्या पाण्याच्या टँकरपेक्षा थोडंच जास्त. तोच तवंग २०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा असेल, तर सात कोटी लिटर. क्षेत्रफळ तेच, बातमीतला आकडा तोच, लाल रेघही तीच, आणि तेलात फरक पाच हजार पट.

आणि थर सगळीकडं सारखा कधीच नसतो. या क्षेत्रातली माणसं ढोबळ मानानं सांगतात की नव्वद टक्के तेल तवंगाच्या दहा टक्के भागात असतं. उरलेला प्रचंड पसारा म्हणजे नुसती चमक. वारा तेलाला ढकलत नेतो (तेल साधारण वाऱ्याच्या वेगाच्या तीन टक्के वेगानं सरकतं) आणि जाड भाग बहुतेक वेळा वाऱ्याच्या पुढच्या कडेला गोळा होतो. तेल उपसणारी जहाजं जायला पाहिजेत तिथं. ती चमकत्या पसाऱ्यात फिरत बसली तर दिवसभर पाणीच उपसतील. पेटवून द्यायचं म्हटलं तरी ताजं कच्चं तेल दोन-तीन मिलिमीटर जाड असल्याशिवाय नीट पेट घेत नाही, कारण पातळ थराची उष्णता खालचं पाणीच ओढून घेतं. म्हणून जाडी हा अभ्यासकांचा शौक नाही, पहिल्या दिवशीच लागणारी माहिती आहे ती.

जाडी मोजायची सगळ्यात जुनी रीत म्हणजे माणसाचा डोळा. उत्तर समुद्राभोवतीच्या युरोपीय देशांचा बॉन करार आहे. त्यात विमानातून बघणाऱ्या निरीक्षकासाठी रंगांची एक कोष्टकवजा संहिता ठरवलेली आहे. चंदेरी-करडी चमक दिसली तर ०.०४ ते ०.३ मायक्रोमीटर. इंद्रधनुष्याचे रंग दिसले तर ०.३ ते ५. धातूसारखी झाक असेल तर ५ ते ५०. तेलाचा स्वतःचा रंग तुटक-तुटक दिसू लागला तर ५० ते २००, आणि सलग दिसला तर २०० च्या पुढं. पुढं किती, ते डोळा सांगू शकत नाही. अर्धा मिलिमीटर आणि पाच मिलिमीटर वरून एकसारखेच काळे दिसतात. म्हणजे जिथं खरं तेल आहे तिथंच हे कोष्टक संपतं. तरीही मला ते फार आवडतं, कारण त्यात बारावीचं प्रकाशशास्त्र जसंच्या तसं बसलेलं आहे.

तेलाच्या वरच्या पृष्ठावरून थोडा प्रकाश परततो, खालच्या पृष्ठावरून थोडा. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात. हवेकडून तेलाकडं जाताना अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचा आकडा) वाढतो, म्हणून वरून परतणाऱ्या लहरीची कला उलटते, म्हणजे चढाच्या जागी उतार येतो. तेलाचा अपवर्तनांक साधारण १.५ आणि पाण्याचा १.३३, त्यामुळे खालून परतणारी लहर उलटत नाही. थर अगदीच पातळ असला तर दोघींच्या वाटेत फरक पडत नाही, एक उलटी आणि एक सुलटी, दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि तेल दिसतच नाही. थर ०.१ मायक्रोमीटरच्या आसपास गेला की दोघी जुळतात आणि चंदेरी चमक येते. आणखी जाड झाला की कुठं लाल जुळतो, कुठं निळा, आणि रंगांचे पट्टे उमटतात. पाचेक मायक्रोमीटरच्या पुढं एकाच जागी इतक्या तरंगलांब्या एकदम जुळतात की रंगांचा पांढरा होऊन बसतो. मग तेल नुसतं वरच्या आभाळाचा आरसा होतं. पावसाळ्यात पेट्रोल पंपाच्या दारात साचलेल्या पाण्यात हे सगळे टप्पे एकाच डबक्यात सापडतात. परीक्षेत 'पातळ पटलातील व्यतिकरण' लिहून सात गुण घेणारी मुलं त्या डबक्यावरून गाडी घालून निघून जातात, हे माझं दुःख वेगळं.

आता थोडा जुना माणूस. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनच्या क्लॅपहम कॉमनमधल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि अर्धा एकर पाणी गुळगुळीत झाल्याचं लिहून ठेवलं. तो लेख १७७४ मध्ये रॉयल सोसायटीनं छापला. चमचा आणि अर्धा एकर, एवढ्यावरून भागाकार करून थराची जाडी काढता आली असती, पण त्यानं तो केला नाही. तो जवळपास सव्वाशे वर्षांनी, १८९० मध्ये, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी ऑलिव्हच्या तेलावर स्वतंत्र प्रयोग करून केला. उत्तर आलं १.६ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग). रेणूच्या आकाराचा अंदाज, तोही घंगाळभर पाण्यावर.

अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. आमच्या शेतात 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं तीस बाय तीस मीटरचं शेततळं आहे, म्हणजे नऊ गुंठे. खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण घेऊन मी गेले, दोन मिली करडीचं तेल मोजलं. आप्पा बांधावर.

"काय करूलालीस गं?"

"तेल टाकूलाले तळ्यात."

"एवढंसं? त्यानं काय व्हतंय? टाकायचंच तर पाव लिटर तर टाक."

वाऱ्याच्या बाजूनं तेल सोडलं. पाण्याला लागल्या लागल्या क्षणभर रंगाची कडी पळाली आणि दिसेनाशी झाली. मग बारीक लाटांची सळसळ आमच्या बाजूनं थांबत गेली आणि तो गुळगुळीत पट्टा वाऱ्याबरोबर पलीकडच्या कडेकडं सरकला. आप्पांनी दोनदा टोपण मागून बघितलं. त्यांचा पुढचा प्रश्न अगदी धंद्याचा होता: मग उन्हाळ्यात असं टाकून तळ्याचं पाणी उडायचं थांबतंय का? प्रश्न चांगला आहे, आणि जगात त्यावर कामही झालंय. सेटिल अल्कोहोलसारख्या पदार्थांचा एकरेणू थर जलाशयांवर देऊन बाष्पीभवन रोखायचे प्रयोग गेल्या शतकात बरेच झाले. वाऱ्यानं सगळं बिघडतं: थर एका काठाला गोळा होतो आणि उरलेलं पाणी उघडंच राहतं. करडीच्या तेलाचा तर विचारही नको, भाव बघा.

पण माझ्या हिशेबाचं उत्तर मिळालं होतं. दोन मिली भागिले नऊशे चौरस मीटर, म्हणजे दोन नॅनोमीटरच्या जरा वर. डोळ्याला दिसायला निदान चाळीस लागतात. म्हणजे डोळ्यासाठी तेल तिथं नव्हतंच, आणि तरी लाटा झोपल्या होत्या.

रडारची खरी गंमत आणि खरी अडचण, दोन्ही इथंच आहेत. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार सुमारे साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी तिरप्या कोनात खाली सोडतं. पाण्यावरच्या चार-पाच सेंटिमीटरच्या बारीक लाटांशी त्यांचा मेळ बसतो आणि थोडी ऊर्जा उपग्रहाकडं परत जाते. पाणी करडं दिसतं. तेलानं त्या बारीक लाटा मारल्या की परत काही येत नाही. डाग काळा. ढग असोत, रात्र असो, फरक पडत नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं धडकली आणि शेकडो टन तेल सांडलं. भर पावसाळ्यातल्या अशा अपघाताला रडारशिवाय दुसरा डोळा चालत नाही.

पण लाटा मरतात त्या तेलाच्या वजनानं नाही. लाट पृष्ठभाग ताणते, तिथं थर विरळ होतो, पृष्ठताण बदलतो आणि उलटा ओढा तयार होतो. लाटेची ताकद त्यात जिरते. त्यासाठी एका रेणूचा थर पुरतो. म्हणजे दोन नॅनोमीटरचा मासळीच्या तेलाचा पापुद्रा काळा, आणि दोन मिलिमीटरचा कच्च्या तेलाचा थरही काळाच. मध्ये दहा लाख पटींचा फरक, चित्रात जवळजवळ शून्य. बातमीतली लाल रेघ ज्या चित्रावर ओढलेली असते ते बहुतेक वेळा हे चित्र.

शिवाय काळं दिसणारं सगळं तेल नसतंच. वारा सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा कमी झाला की स्वच्छ पाणीही काळं, आणि दहा-बारा मीटरच्या पुढं गेला की तेल असूनही लाटा राहतात. शैवाल, पावसाची सर, डोंगराच्या आडोशाचं शांत पाणी, सगळे फसवतात. हे शिकायला समुद्र लागत नाही. सेंटिनेल-१ आपल्याकडून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो. हिवाळ्यात सकाळी सहाला नाथसागरावर वारा पडलेला असतो आणि अख्खं धरण शाईसारखं काळं येतं. पहिल्या वेळी मुलं हमखास ओरडतात, "मॅडम, तेल!" मग मी त्यांना संध्याकाळचं चित्र दाखवते.

रडारवरून जाडी अजिबातच कळत नाही, असं मात्र नाही. स्वच्छ पाण्याचा परतावा भागिले तेलावरचा परतावा, असं गुणोत्तर काढलं तर ते जाड भागात वाढतं. त्यावरून 'इथं जास्त, तिथं कमी' एवढं सांगता येतं. पण फार काळ्या भागात उपग्रहाला पाण्याचा आवाजच ऐकू येत नाही, स्वतःच्या यंत्राची खरखर तेवढी ऐकू येते. अशा खरखरीवर केलेले रंगीत नकाशे मी बघितलेत. दिसायला फार सुंदर असतात. विमानातल्या कमी खरखरीच्या, लांब तरंगलांबीच्या रडारनं हे काम बरंच चांगलं होतं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलमंचावर स्फोट होऊन विहिरीतून तेल गळत होतं, तेव्हा नासानं तिथं असं विमान फिरवलं. तिथं तेल इतकं जाड आणि पाण्यात घुसळलेलं होतं की लाटा मरण्यापलीकडं खुद्द पृष्ठाचा विद्युत गुणधर्मच बदलला होता. समुद्राच्या पाण्याचा परावैद्युतांक सत्तर-ऐंशीच्या घरात, तेलाचा दोनाच्या जरा वर. ही तफावत वापरता येते.

बाकीच्या रीती थोडक्यात. अवरक्त कॅमेऱ्यात दिवसा जाड तेल ऊन खाऊन पाण्यापेक्षा गरम दिसतं, मधल्या जाडीचं उलट थंड दिसतं आणि पातळ दिसतच नाही. गरम आणि थंड यांची सीमा ५० ते १५० मायक्रोमीटरच्या दरम्यान कुठंतरी असते. सूक्ष्मलहरी मोजणारं यंत्रही आहे, पण त्याचं वाचन जाडीबरोबर वर-खाली वर-खाली जातं. एकाच आकड्याला तीन-चार उत्तरं निघतात, म्हणून एकाऐवजी अनेक वारंवारता वापराव्या लागतात. कॅनडात तर तेलाच्या थरात लेसरनं ध्वनी निर्माण करून त्याचा खालून परत यायचा वेळ मोजायची युक्ती काढली. तत्त्व सरळ, यंत्र विमानात बसवणं अवघड.

लेसरचीच आणखी एक रीत आहे, तिच्यावर जरा थांबते, कारण दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमच्या मुलांना पोस्टरसाठी विषय पाहिजे असतो. १९२१ मध्ये जहाजानं प्रवास करताना चंद्रशेखर वेंकट रामन यांना समुद्र निळा का, हा प्रश्न पडला. त्या वाटेवर १९२८ मध्ये रामन परिणाम सापडला: पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडा भाग तरंगलांबी बदलून येतो आणि हा बदल त्या पदार्थाची ओळख असतो. आता विमानातून ३०८ नॅनोमीटरचा अतिनील लेसर समुद्रावर मारला तर पाणी ३४४ नॅनोमीटरला रामन-उत्तर देतं. वर तेल असेल तर ते येणारा लेसरही शोषतं आणि जाणारं उत्तरही. उत्तर जितकं क्षीण, तितका थर जाड. वर तेल स्वतः चमकतं, त्यावरून डिझेल की कच्चं तेल हेही कळतं. मर्यादा एवढीच, की दहा-वीस मायक्रोमीटरच्या पुढं पाण्याचा आवाज पूर्ण बंद होतो. पुन्हा तेच, जाड भागात रीत हात टेकते.

जाड भागात खरं काम करते ती अवरक्ताच्या जवळच्या पट्ट्यातली वर्णपटमोजणी. तेलातले कार्बन-हायड्रोजन बंध १.७३ आणि २.३ मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. वर्णपटात तिथं खड्डा पडतो आणि खड्ड्याच्या खोलीवरून थर कळतो. डीपवॉटर होरायझनच्या वेळी, १७ मे २०१० ला, नासाचं यंत्र असलेलं विमान आखातावरून गेलं आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या लोकांनी त्यावरून पृष्ठावरच्या जाड तेलाचा नकाशा काढला. त्याला स्वच्छ ऊन लागतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हे ऊन आणायचं कुठून?

आणि एवढं सगळं करूनही त्या दुर्घटनेत एकूण किती तेल गेलं याचा निवाडा तवंगावरून झाला नाही. तो विहिरीतल्या दाबाच्या आकड्यांवरून आणि तज्ज्ञांच्या साक्षींवरून झाला. विहिरीच्या मालक बीपी कंपनीचं म्हणणं समुद्रात गेलं २४.५ लाख बॅरल, सरकारचं म्हणणं ४२ लाखांच्या आसपास. न्यायालयानं जानेवारी २०१५ मध्ये ३१.९ लाख धरलं. दंड बॅरलमागे होता, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापला आकडा का प्रिय होता ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडं २८ जानेवारी २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली, तेव्हाही सुरुवातीला किरकोळ वाटलेलं तेल नंतर माणसांनी बादल्या घेऊन किनाऱ्यावरून उपसलं. ते उपसलेलं टनांत मोजलं गेलं. पण जड तेल लाटांत घुसळलं की त्यात साठ-ऐंशी टक्क्यांपर्यंत पाणी शिरतं. त्याचा लालसर-तपकिरी लगदा होतो, वर किनाऱ्याची वाळू. अशा लगद्याची जाडी मोजली तरी तेलाची जाडी कळत नाही, आणि बॉन करारातलं रंगांचं कोष्टकही त्याला लागू होत नाही.

उत्तर बरोबर आलं की चूक, हे तपासायचं कसं, ही सगळ्यात चिवट अडचण. पाण्यावर जाऊन मोजायचं तर पट्टी बुडवली की तेल पट्टीला चिकटतं, बोट जवळ नेली की तवंग हलतो, लाट आली की थर बदलतो. म्हणून न्यू जर्सीत ओमसेट नावाची सुमारे २०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिथं मुद्दाम मोजून तेल सोडतात, कृत्रिम लाटा करतात आणि वरून यंत्रं तपासतात.

आपल्याकडं तेलगळतीची मुख्य जबाबदारी तटरक्षक दलाकडं आणि तेल कुठं वाहत जाईल याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा रडार उपग्रह गेला. त्याच्यावर नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड अशी दोन रडारं आहेत. एकाच तवंगावर दोन वेगळ्या लांबीच्या लहरी पडल्या तर लाटा कुठल्या मापापर्यंत मेल्या हे बघता येईल, म्हणून मला त्याच्याकडून आशा आहे. पण तो त्याच वाटेवर बारा दिवसांनी परततो आणि तेल तोवर कुणासाठी थांबत नाही.

मागच्या लेखाखाली दोघांनी विचारलं होतं की हे घरी करून बघता येतं का. येतं. सेंटिनेल-१ ची चित्रं युरोपच्या कोपर्निकस या उपग्रह कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, स्नॅप नावाचं सॉफ्टवेअरही फुकट, आणि त्यात तेलगळती शोधायचं साधन आयतं दिलेलं आहे. नाथसागर किंवा मांजरा धरणापासून सुरुवात करा, व्हीव्ही ध्रुवणाचं (लहरी उभ्या सोडून उभ्याच पकडलेलं) चित्र घ्या आणि त्या वेळचा वारा आधी तपासा. फाईल एक जीबीच्या आसपास असते, तेव्हा रात्री डाउनलोडला लावून झोपा. लाईट गेली नाही तर सकाळपर्यंत उतरते.